ग्रॅव्हल बाइकला ट्यूबलेस: सोलापूरच्या काट्यांपुढं टिकतं का?

माळरानी · 9 नोव्हेंबर, रात्री 10:20

मंडळी, आज डोकंच फिरलं. सकाळी सहाला निघालो, बार्शी रोडनं नान्नजपर्यंत डांबर, तिथून पुढं गाडीवाट. चौतीस किलोमीटरमध्ये तीन पंक्चर. पहिलं सराट्याचं, दुसरं वेड्या बाभळीचं. तिसऱ्याला काटाच सापडला नाही, नुसती दोन भोकं शेजारी शेजारी. पॅच संपले, जादाची ट्यूब पहिल्याच वेळी वापरून झालेली. शेवटी मेव्हण्याला फोन केला, तो टेम्पो घेऊन आला आणि गाडीत पूर्ण वेळ एकही शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सायकल ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची, टायर 700 बाय 40, रिमवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं स्टिकर आहे, आतली रुंदी 23 मिमी. माझं वजन 78. हवा 50 पीएसआय मारतो. ट्यूबलेस करून घ्यावं असं दोन वर्षं मनात आहे, पण आपल्याकडचं ऊन, काटे आणि सायकलचं ट्यूबलेस कधी हातात न धरलेले पंक्चरवाले, हे सगळं बघून धीर होत नाही. इथं कुणी केलंय का? पुण्या-मुंबईचे अनुभव नकोत, तिकडं माती वेगळी.

---

शेंगाचटणी · 9 नोव्हेंबर, रात्री 10:31

तीन पंक्चर म्हणजे माळानं तुला नुसतं ‘या, बसा’ म्हटलंय. जेवण अजून व्हायचंय.

---

सूतगिरणी · 9 नोव्हेंबर, रात्री 11:48

माझं ट्यूबलेसवर तिसरं वर्ष चालू आहे, हिप्परगा तलाव, तामलवाडी, मोहोळकडचा कालव्याचा रस्ता, सगळं त्यावरच. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या तिसऱ्या पंक्चरचं. दोन भोकं शेजारी शेजारी म्हणजे काटा नाही. चाक दगडावर आदळलं, टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब दोघांच्या मध्ये चिमटली. साप चावल्यासारखी खूण पडते. ही भीती असते म्हणूनच आपण 50 मारतो आणि मग गाडीवाटेवर हाडं खिळखिळी करून घेतो. ट्यूबच काढून टाकली की चिमटायला काही उरत नाही. तुमच्या वजनाला 40 च्या टायरमध्ये मागं 36-37, पुढं 33 पुरतील. खरा फायदा मला विचाराल तर हा आहे. काटे दुसऱ्या नंबरला.

आता काटे. आत जे सीलंट घालतात ते लॅटेक्सचं दूध असतं, त्यात बारीक तंतू आणि कण. भोकातून हवा बाहेर पळायला लागली की दूधही तिकडं ओढलं जातं, कण भोकात अडकतात, लॅटेक्स गोठतं, बूच बसतं. सराट्याचं भोक त्याच्यासाठी काहीच नाही. तुम्हाला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही, टायरवर ओला पांढरा ठिपका दिसतो तेवढाच. चार-पाच मिमीच्या पुढचं भोक मात्र सीलंटच्या आवाक्यातलं नाही. तिथं मोटारसायकलच्या ट्यूबलेसला लावतात तशी चिकट दोरी, फक्त बारीक, घुसवायची.

बघून घ्यायच्या गोष्टी: रिमवर स्टिकर आहे म्हणता, पण टायरवरही ‘ट्यूबलेस रेडी’, ‘टीएलआर’, ‘टीआर’ असं काही छापलेलं हवं. साध्या टायरची कड तारेची असो की घडी होणारी, ती रिमच्या कडेला हवाबंद बसेल याची खात्री नसते. रिमच्या कडेला आतून टायर धरून ठेवणारा हुक नसेल तर 5 बार, म्हणजे 72.5 पीएसआयच्या वर कधीच जायचं नाही. रिममधली आऱ्यांची भोकं झाकायची टेप आणि व्हॉल्व्ह चांगले घ्या. ट्यूबलेसच्या दहा तक्रारींतल्या आठ टेपच्या असतात, हे माझं मत. संशोधन नाही, गुडघे टेकून मिळवलेलं ज्ञान आहे.

---

बाळीवेसभाऊ · 10 नोव्हेंबर, सकाळी 6:12

काय बे, कशाला करायलास हे? चाळीस वर्षं सायकल चालवालोय. जुनी ट्यूब कापायची, तिची पट्टी टायरच्या आत घालायची, वर नवी ट्यूब. काटा पट्टीतच अडकतो. पंक्चर झालंच तर कुठल्याबी गावात वीस-तीस रुपयांत काम हुतंय. तुझं ते दूध संपलं तर वडाळ्यात कुठं शोधणार? गोठ्यात?

हे सगळं नवं फॅड आहे.

---

शेंगाचटणी · 10 नोव्हेंबर, सकाळी 6:40

भाऊ, गोठ्यातलं दूध लावून बघायला हरकत नाही. विरजण लागलं तर भोक बंद.

---

सूतगिरणी · 10 नोव्हेंबर, सकाळी 9:05

भाऊ, फॅड म्हणाल तर माउंटन बाइकवर हे 1999 पासून आहे. माविक या रिमच्या कंपनीनं हचिन्सन आणि मिशेलिन या टायरवाल्यांबरोबर यूएसटी या नावानं आणलं होतं. ग्रॅव्हलला नंतर आलं.

पट्टीचं तुमचं खरं आहे, काटा अडतो. पण पट्टी, ट्यूब, टायर एवढं सगळं मिळून चाक जड होतं आणि चिमटायचा प्रश्न तसाच राहतो. पट्टीच्या कापलेल्या कडेनं घासून ट्यूबला भोक पडलेलं मी स्वतः पाहिलंय.

वजन वाचतं म्हणून कुणी ट्यूबलेस करत असेल तर मात्र करू नये. साधी ट्यूब दीडशे ग्रॅमच्या आसपास, तिच्या जागी नव्वद ग्रॅम सीलंट आणि व्हॉल्व्ह आला. उरलं काय? एक कडक भाकरी.

---

जुळेसोलापूरताई · 10 नोव्हेंबर, दुपारी 2:30

मी 200 किलोमीटरच्या ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेतल्या लांब पल्ल्याच्या राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. रात्री अकराला मोहोळच्या पुढं ट्रकच्या उजेडात ट्यूब बदलत बसायची एकदा पाळी आली आणि मी त्याच महिन्यात ट्यूबलेस केलं. तेव्हापासून रस्त्यात दोनदाच थांबले, एकदा खिळा आणि एकदा काच.

सराट्याचं गणित सांगते, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला काटे अशा कोनात असतात की तो कसाही पडला तरी एक काटा वरच. पावसाळ्यात ही वेल जमिनीसरशी पसरते, पिवळी फुलं येतात, छान दिसते. दिवाळीनंतर वाळते आणि मग आपण भेटतो. हाच तो गोखरू, आयुर्वेदात मुतखड्यावर देतात. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेकडची, तिचे काटे बोटाएवढे. शेतकरी ती तोडून बांधाला कुपाटी घालतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फांद्या गाडीवाटेवर पडतात. म्हणून बांधाकडेच्या वाटेत चाकोरीतून चालवू नका, मधल्या गवताच्या पट्ट्यावरूनही नको, चाकोरीच्या आतल्या कडेनं घ्या.

आणि माळरानी, नान्नजच्या पुढची ‘गाडीवाट’ म्हणजे नक्की कुठली? अभयारण्याच्या हद्दीत सायकल घालू नका. माळढोक मुळात उरलेत किती! कडेच्या गावरस्त्यानं जा.

---

माळरानी · 10 नोव्हेंबर, रात्री 8:15

ताई, हद्दीबाहेरच होतो, शपथ. मागवतोय सगळं.

---

माळरानी · 23 नोव्हेंबर, दुपारी 4:50

फसलं.

ट्यूबलेस टायर होतेच, टेप आणि व्हॉल्व्ह शहरातल्याच एका दुकानातून घेतले, सीलंट ऑनलाइन. सकाळी आठला अंगणात बसलो. टेप ओढून लावली, व्हॉल्व्ह बसवला, टायर चढवला, पायपंप मारायला लागलो. पंप मारतोय आणि टायर आपला ढिम्म. हवा एका बाजूनं जाते, दुसऱ्या बाजूनं सुसाट बाहेर. शंभर-दीडशे दणके मारले. बायको खिडकीतून म्हणाली, “व्यायामच करायचा होता तर जिमचे पैसे कशाला भरले?”

शेवटी शेजारच्याचा गाडीचा छोटा कंप्रेसर आणला, त्यानंही नाही. मग कसाबसा एका बाजूनं टायर बसला, सीलंट घातलं आणि आता आऱ्यांच्या बुडातून फेस येतोय. चाकाच्या आतल्या बाजूनं! टायरमधून नव्हे! फरशीवर सगळीकडं पांढरं, कुत्रं चाटायला आलं त्याला हाकललं. तासाभरात हवा शून्य.

भाऊ, तुमचा मेसेज यायच्या आधीच सांगतो, होय, तुम्ही म्हणाला होतात.

---

बाळीवेसभाऊ · 23 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:02

मी काय बोललोच नाही अजून.

---

सूतगिरणी · 23 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:30

आऱ्यांच्या बुडातून फेस म्हणजे हवा टेपखालून रिमच्या पोकळीत शिरतेय. टेपची रुंदी किती? पाकिटावर बघा.

---

माळरानी · 23 नोव्हेंबर, संध्याकाळी 5:44

21 मिमी. दुकानदार म्हणाला सगळ्यांना हीच चालते.

---

सूतगिरणी · 23 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:20

सापडलं. तुमची रिम आतून 23. टेप तिच्यापेक्षा दोन-तीन मिमी जास्त रुंद पाहिजे, म्हणजे 25 किंवा 26. कारण टायरची कड ज्या सपाट कट्ट्यावर बसते तो कट्टा टेपनं दोन्ही बाजूंनी झाकला गेला पाहिजे, टायर स्वतःच टेपला दाबून धरतो. 21 ची टेप मधल्या खोलगट भागात जेमतेम बसली, कडा उघड्या, दाब आला की हवा खालून घुसली.

सगळं काढा. रिम स्पिरिटनं पुसा, बोटाचा तेलकटपणासुद्धा राहायला नको. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करा, एक वेढा पूर्ण करून व्हॉल्व्हच्या भोकाच्या पुढंपर्यंत जादा जा, म्हणजे भोकावर दोन थर येतील. टेप एवढी ताणून लावायची की ती किंचित अरुंद होतेय असं वाटलं पाहिजे. अंगठ्यानं मधून कडेकडं दाबत जायचं, बुडबुडा राहता कामा नये. भोक कात्रीनं कापू नका, तापवलेल्या सुईनं पाडा, कडा वितळून बसतात.

मग लगेच ट्यूबलेस करू नका. आत साधी ट्यूब घाला, 50 पीएसआय मारा आणि रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला दाबून चिकटवते आणि टायरला आकार येतो. सकाळी एकाच बाजूची कड सोडवून ट्यूब बाहेर ओढा, दुसरी कड बसलेलीच राहू द्या. अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्याला पायपंप पुरत नाही. एकदम भसकन हवा लागते.

---

हद्दपार_सोलापूरकर · 23 नोव्हेंबर, रात्री 9:10

कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीचा जुगाड करतात बघा, बाटलीत हवा भरून एकदम सोडायची. व्हिडिओ आहेत.

---

सूतगिरणी · 23 नोव्हेंबर, रात्री 9:25

आहेत, आणि बाटली हातात फुटल्यावर काय होतं त्याचेही आहेत. नको.

---

जुळेसोलापूरताई · 23 नोव्हेंबर, रात्री 9:41

कार्बन डायऑक्साइड गॅसच्या छोट्या कार्ट्रिजनंही बसतं, पण सीलंट घालायच्या आधी वापरा. तो गॅस बर्फासारखा गार सुटतो, काही सीलंट तिथंच गोठतात. ट्रकच्या टायरवाल्याकडं जा. सरळ उपाय.

---

माळरानी · 7 डिसेंबर, रात्री 9:55

झालं एकदाचं! नीट लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

26 ची टेप मागवली, सूतगिरणींनी सांगितल्याप्रमाणं लावली, रात्रभर ट्यूब. आज सकाळी दोन्ही चाकं पोत्यात घालून हैदराबाद रोडला ट्रकच्या टायरच्या दुकानात गेलो. मिस्त्री उस्ताद माणूस, पन्नाशीचा, बोटं कोळशासारखी. चाक हातात घेऊन त्यानं वजन केलं, बोटानं टायर दाबला आणि पहिला प्रश्न: “ह्यात ट्यूब कुठाय?”

त्याच्या कंप्रेसरचं तोंड माझ्या व्हॉल्व्हला बसेना. माझ्याकडं पितळी अॅडॉप्टर होता, पण तो व्हॉल्व्हच्या आतल्या गाभ्यावर फिरवून बसवायचा असतो, आणि गाभा ठेवला तर हवा पुरेशी जात नाही. गाभा काढला तर अॅडॉप्टर बसणार कशावर? आम्ही दोघं पाच मिनिटं त्या भोकाकडं बघत बसलो. मग त्यानं काही न बोलता भिंतीवरची धूळ उडवायची एअर गन काढली, रबरी टोकाची. गाभा काढलेल्या व्हॉल्व्हच्या तोंडावर ते टोक दाबून धरलं. त्याआधी टायरच्या कडांना साबणाचं पाणी त्यानंच लावून घेतलं, मला सांगावं लागलं नाही. गनला मीटर नसतो म्हणून मी ‘जास्त नको, जास्त नको’ चाललेलं. तो म्हणाला, “साहेब, वीस टनाची गाडी उभी करतो.” थोडी थोडी सोडली. फुस. फुस. टायर फुगला, कड सरकत सरकत वर आली आणि ठक! मग दुसऱ्या बाजूनं ठक, ठक! काय आवाज होता तो. बसवताना टायरवर छापलेली कमाल मर्यादा पाळा, एवढंच त्याला सांगत होतो, पण माझं ऐकायची गरज त्याला नव्हती.

गन काढली, हवा गेली, पण कड जागची हलली नाही. मेडिकलमधून 50 मिलिची सिरिंज घेतली होती, तिला सलाईनच्या नळीचा तुकडा लावून प्रत्येक चाकात 90 मिलि सीलंट व्हॉल्व्हमधूनच घातलं. गाभा बसवला, माझ्याच पायपंपानं 40 मारले. व्हॉल्व्हचं नट बोटानं जेवढं आवळतं तेवढंच, पान्यानं आवळलं तर पंक्चरच्या वेळी रस्त्यात निघत नाही. मग चाक आडवं धरून हलवलं, एक बाजू, दुसरी बाजू. कडेला दोन ठिकाणी बुडबुडे आले आणि आमच्या डोळ्यांदेखत थांबले. मिस्त्रीनं वाकून बघितलं, बोटानं पुसलं, वास घेतला. “चीक आहे,” म्हणाला. शब्द बरोबर आहे.

पैसे घेईना. चहा पाजला.

---

शेंगाचटणी · 7 डिसेंबर, रात्री 10:03

‘वीस टनाची गाडी उभी करतो’ हे मी टी-शर्टवर छापून घेणार आहे.

---

हद्दपार_सोलापूरकर · 8 डिसेंबर, सकाळी 8:20

मोटारसायकलवाल्यांचं जेल मिळतं ते का नाही घातलं? स्वस्त असतं.

---

सूतगिरणी · 8 डिसेंबर, सकाळी 10:10

ते घट्ट, त्यांच्या जाड टायरसाठी केलेलं. माझ्या भावानं घातलं होतं, रात्रभर सायकल उभी राहिली की सगळा गोळा खाली, सकाळी चाक थबक थबक करत फिरतं. व्हॉल्व्ह तुंबला तो वेगळाच. आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सीलंट एकमेकांत मिसळू नका, काहींचं एकत्र आल्यावर दही होतं.

---

बाळीवेसभाऊ · 12 एप्रिल, सकाळी 6:05

काय माळरानी, आहेस का? ऊन सुरू झालं. दूध नासलं का?

---

माळरानी · 12 एप्रिल, रात्री 9:30

आहे की, भाऊ. हिवाळाभर एकदाही थांबलो नाही. मागच्या टायरवर पांढरे ठिपके मोजले, नऊ भरले.

पण तुमचा प्रश्न बरोबर वेळेवर आला. परवा चाक हलवलं तर आत डचमळण्याचा आवाजच नाही. व्हॉल्व्ह वर ठेवून हवा सोडली, गाभा काढला, खराट्याचा हीर आत सोडला, इंजिनाचं तेल बघतात तसा. कोरडा! डिसेंबरात घातलेलं चार महिन्यांत संपलं. आता पुन्हा 60 मिलि घातलं.

एक शंका: दुपारी 43-44 अंश असताना सायकल ऑफिसच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. टायर फुटणार नाही ना?

---

सूतगिरणी · 13 एप्रिल, सकाळी 7:40

फुटत नाही. हिशोब करून बघा: सकाळी 25 अंशाला 35 पीएसआय भरली. वातावरणाचा दाब धरून ती 50 च्या आसपास. आतली हवा 45 अंशाला गेली तर दाब सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मीटरवर 38-39. एवढ्यानं काही होत नाही.

ऊन टायर फोडत नाही, सीलंट वाळवतं. पत्र्याखाली भट्टी असते. सायकल आत, भिंतीच्या सावलीला घ्या. थंडीत तीन महिने पुरणारं सीलंट मार्च ते जूनमध्ये माझ्याकडं पाच-सहा आठवडेच टिकतं. दर महिन्याच्या एक तारखेला हीर. पगाराचा दिवस लक्षात राहतो.

---

माळरानी · 8 जून, रात्री 10:40

आज ट्यूबलेसनं दगा दिला. की मी दिला, ते तुम्ही ठरवा.

कालव्याच्या कडेनं चाललो होतो, काठाला बसवलेल्या पिचिंगचा धारदार दगड मागच्या टायरच्या बगलेला लागला. अंगठ्याएवढी चीर. सीलंट पिचकारीसारखं पायावर. दोरी घुसवली, दोन घुसवल्या, बगल पातळ असते, धरलं नाही. हरकत नाही म्हटलं, त्यासाठीच तर ट्यूब जवळ ठेवतो. व्हॉल्व्ह काढला, चिरेच्या आतून दहाच्या नोटेची घडी लावली, ट्यूब घातली, हवा मारली, निघालो.

तीनशे मीटर. फुस्स.

चीर बघितली, नोट जागेवर. ट्यूबला भोक दुसरीकडंच. पॅच मारला, निघालो. पाचशे मीटर. परत फुस्स. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रस्त्याकडेला बाभळीखाली बसून टायर पूर्ण काढला, उलटा केला आणि आतून हात फिरवला. आई गं! सहा महिन्यांत जेवढे काटे घुसले ते सगळे तिथंच. सीलंटनं भोक बंद केलं, काटा काढला कुणी? मला पत्ताच नाही, टायर आतून जाळीसारखा. बाहेरून मोडलेले, आतून टोक शाबूत. मी त्याच्यात ट्यूब घातली होती!

चिमटा नव्हता. दातानं आणि नखानं काढले. मोजले. तेवीस.

---

जुळेसोलापूरताई · 8 जून, रात्री 10:58

हे मी आधी सांगायला हवं होतं. राइड झाली की टायरवरून हात फिरवून काटे तिथल्या तिथं काढायचे आणि चाक फिरवून भोक खाली आणायचं, सीलंट तिथं साचतं. रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर आधी पूर्ण टायर आतून चाचपायचा. बोटानं नको, कापडाच्या बोळ्यानं, काटा असला की धागा अडकतो.

---

बाळीवेसभाऊ · 9 जून, सकाळी 6:01

तेवीस काटे टायरात घेऊन फिरालास आणि सहा महिने म्हणतोस पंक्चर नाही.

---

माळरानी · 9 जून, सकाळी 7:15

नव्हतंच की, भाऊ.

---

शेंगाचटणी · 9 जून, सकाळी 7:20

माझ्या चपलेत याहून जास्त आहेत.

---

जुळेसोलापूरताई · 9 जून, सकाळी 7:45

रविवारी साडेपाचला पार्क चौक, हिप्परग्यापर्यंत जाऊन परत. पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत कुणी शिरायचं नाही, चाकं फिरत नाहीत. येताना प्रत्येकानं चिमटा आणा. भाऊ, तुम्ही पट्टी घेऊन या.